हसू, भय आणि आपली एकांकिका

पावसाळा लागला की महाविद्यालयातली मुले माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, “सर, यंदा कुठली एकांकिका बसवायची?” प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. पाऊण तासाच्या त्या अवकाशात आपण स्वतःला कोणत्या रूपात उभे करणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. स्पर्धांच्या बाजारात आज दोन प्रकारच्या संहिता खपतात : गुदगुल्या करणाऱ्या, आणि हिरव्या प्रकाशात किंकाळ्या फोडणाऱ्या. ‘दलित विषय’ म्हटला की मात्र तिसराच प्रकार पुढे येतो, रडणारा. हसणे आणि भिणे हे जणू इतरांचे, आपल्या वाट्याला फक्त करुणा. ही वाटणी कोणी केली? आणि आपण ती मुकाट्याने का स्वीकारली?

मीही ती स्वीकारली होती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ मी मुलांकडून बसवून घेतली. विषय गंभीर, म्हणून प्रयोगही गंभीर हवा अशी माझी पदवीधर समजूत. जिथे जिथे प्रेक्षक हसेल असे वाटले तिथे तिथे मी कात्री लावली, नाहीतर सूर रडवा केला. प्रयोगाला माझी माय आली होती. आयुष्यभर विड्या वळून तिने मला शिकवले. नाटक ती पहिल्यांदाच बसून पाहत होती. घरी परतताना ती म्हणाली, “लेका, तुह्या नाटकात सारेच रडून रायले. आपल्या मोहल्ल्यात इतकं रडत कोन जगते? हासल्याबिगर घास तरी गळ्याखाली उतरते का?” माझ्या सगळ्या नाट्यविचाराची तिने दोन वाक्यांत झडती घेतली.

‘घोटभर पाणी’ १९७७ सालची. ती अनेक भारतीय भाषांत गेली. तिच्यामागे मोठे नेपथ्य नाही, प्रकाशयोजनेची करामत नाही. दोन पात्रे खेळ मांडतात, भूमिका बदलत जातात, आणि त्या खेळातून पाण्याच्या घोटाभोवती उभी असलेली सारी व्यवस्था उघडी पडते. खेळाचे हे रूप म्हणजे वरची सजावट नव्हे. जो माणूस क्षणापूर्वी तहानलेला होता तोच क्षणात पाणी नाकारणारा होतो, तेव्हा प्रेक्षकाला आधी हसू येते आणि मग ते हसू घशात अडकते. सत्ता ही कोणाच्या रक्तात नसते, ती जागेत असते, हे कुठलेही भाषण न करता इथे कळते. मी हसू कापले तेव्हा हा विचारच कापला गेला होता. या वर्षी कोणी माझा सल्ला विचारलाच, तर पहिली शिफारस हीच : ‘घोटभर पाणी’ पुन्हा करा, आणि खेळासारखी करा.

हसण्याची ही परंपरा आपल्याला उसनी आणायची नाही. याच नागपूरच्या मातीत किसन फागुजी बनसोडे यांनी ‘सनातन धर्माचा पंचरंगी तमाशा’ लिहिला. नावातच टोमणा आहे. पुढे आंबेडकरी जलशांनी शास्त्राचा आणि भटजीचा फोलपणा हसत हसत गावोगाव नेला. दत्ता भगत यांनी ‘आवर्त’ मध्ये तमाशाचा बाज जाणीवपूर्वक घेतला, तो याच वाटेने. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना विचार पोचवायचा, तर त्यांच्या हसण्यातून पोचवावा लागतो, हे त्या लोकांना नाट्यशास्त्राचे वर्ग न करता ठाऊक होते.

पण हसू कोणावर, हा प्रश्न सोडून चालणार नाही. प्रस्थापित रंगभूमीवर वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस बहुधा गडी असतो किंवा गावंढळ. तो तोंड उघडतो आणि प्रेक्षागृह हसते. आपलीच मुले बक्षिसासाठी आपल्याच मायच्या भाषेचा असा विनोद करतात तेव्हा मला लाज वाटते. यंदा माझ्या एका विद्यार्थ्याने लिहून आणलेली संहिता या कसोटीला उतरली. शहरात भाड्याची खोली शोधणारा एक तरुण. घरमालक चहा पाजतो, नोकरी विचारतो, गाव विचारतो, आणि ‘आडनाव’ हा शब्द न उच्चारता आडनाव काढून घेण्यासाठी वीस मिनिटे धडपडतो. तरुण हसतमुख, आणि सांगत नाही. हसे होते ते विचारणाऱ्याचे. शेवट अजून कच्चा आहे, तरी ही एकांकिका रंगमंचावर आलीच पाहिजे.

आता भयाविषयी. भयनाट्य म्हणजे वाडा, वटवाघूळ आणि पांढरे पातळ, अशी समजूत आहे. आपल्या माणसाला भुताची इतकी भीती का वाटावी? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना मारले ते भुतांनी नव्हे. गावाने मारले. ते गाव नागपूरशेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. ओळखीच्या माणसांचा जमाव होणे, हे आपले भय.

याच शहरात इंग्रजी शिकवलेल्या महेश एलकुंचवारांची ‘होळी’ म्हणूनच मी भयनाट्य म्हणून वाचतो. होळीची सुटी नाकारली जाते, वसतिगृहातली मुले चिडतात, आणि ती चीड अखेरीस व्यवस्थेवर न जाता त्यांच्यातल्याच आनंदवर कोसळते. थट्टा चढत जाते, छळ होतो आणि एक मुलगा जिवाला मुकतो. थट्टा कुठे संपली आणि छळ कुठे सुरू झाला, हे पाहणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. या नाटकाचा रोख तरुणांच्या कोंडलेल्या हिंसेवर आहे. जात हा त्याचा विषय नाही. पण हैदराबादचा रोहित वेमुला (२०१६) आणि मुंबईची डॉ. पायल तडवी (२०१९) वसतिगृहाच्याच खोल्यांत गेल्यानंतर आपण ही संहिता जातीविना वाचू शकत नाही. ती करणाऱ्या दिग्दर्शकाने एक शब्दही बदलू नये. मात्र हसणाऱ्यांच्या घोळक्यात कोण आहे आणि कोण नाही, हे आधी ठरवावे.

दुसरे नवे हस्तलिखित गटारावरचे आहे. मैला हाताने साफ करून घेण्याला बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. या एकांकिकेत उतरलेला माणूस एकदाही दिसत नाही. वर दोर धरून बसलेला त्याचा भाऊ तेवढा दिसतो. तो खाली पाहून गप्पा मारतो, चेष्टा करतो, लग्नाच्या गोष्टी काढतो. खालून उत्तरे येतात, मग उशिरा येतात, मग येत नाहीत. भाऊ बोलतच राहतो. प्रेत दाखवलेले नाही, हे या मुलीने फार बरे केले. आपल्या जखमेचे प्रदर्शन मांडून परीक्षकांची टाळी मिळवण्याचा मोह मोठा असतो.

२०१९ साली नागपुरात नव्व्याण्णवावे नाट्यसंमेलन झाले, त्याच्या अध्यक्षपदी गज्वी होते. झाडीपट्टीच्या मुलखातला नाटककार त्या खुर्चीत बसला याचा आनंद आहेच. परंतु संमेलनाच्या खुर्चीने चळवळीचे नाटक जगत नाही. ते जगते वस्तीतल्या बुद्धविहारासमोर, दोन बांबू आणि एका सतरंजीवर. कार्यकर्त्यांनी या चारही एकांकिका तिथे आधी कराव्यात, स्पर्धेचा विचार नंतर. हसू कुठे फुटते आणि कुठे थांबते, हे तिथला प्रेक्षक सांगेल. ‘घोटभर पाणी’ मी यंदा नव्याने बसवतो आहे. मायला पहिल्या रांगेत बसवणार आहे.