‘दुर्मिळ’ म्हणजे कितींपैकी किती? : केस रिपोर्टची समीक्षा



कथा, कविता, आत्मचरित्र यांची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ होते. आज मी समीक्षेसाठी जो लेखनप्रकार घेतलाय, तो हॉस्पिटलात जन्मतो आणि वैद्यकीय नियतकालिकांत छापला जातो. त्याचं नाव केस रिपोर्ट. एका रुग्णाची, फार तर चार-पाच रुग्णांची हकिगत. वय, तक्रार, तपासण्या, निदान, उपचार, आणि शेवटी काय झालं. दीड-दोन पानांत सगळं आटोपतं.

डॉक्टरांच्या बोलण्यात एक वाक्य असतं, ‘वॉर्डात एक छान केस आलीय.’ छान म्हणजे रुग्णासाठी छान नव्हे, हे उघडच आहे. छान म्हणजे क्वचित दिसणारी, पुस्तकात वाचलेली पण डोळ्यांनी न पाहिलेली. या ‘छान’मधूनच केस रिपोर्ट लिहायची इच्छा होते, आणि मग शीर्षकात हमखास एक शब्द येतो : दुर्मिळ. आजचं सगळं बोलणं या एका शब्दाभोवती आहे.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. ‘एक दुर्मिळ केस’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या हातात फक्त अंश असतो. एक. कितींपैकी एक, हे माहीत नसतं. छेद कळल्याशिवाय दुर्मिळ हा शब्द वापरता येत नाही, आणि तरी तो सर्रास वापरला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की केस रिपोर्ट चांगला की वाईट हे आजाराच्या नवलाईवरून ठरत नाही. तो स्वतःच्या छेदाशी किती प्रामाणिक आहे यावरून ठरतं. चार मजकूर घेऊन बघू या.

पहिला मजकूर आपल्या मुंबईचा. १९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. मुंबईत मोजक्या माणसांच्या रक्तात त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली होती. तांबड्या पेशी तपासल्या तर रक्तगट ‘ओ’ वाटायचा. पण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या पेशी घातल्या की त्यांच्याही गुठळ्या व्हायच्या. ‘ओ’ रक्त कुणालाही चालतं असं आपण शिकलोय. या माणसांना तेही चालत नव्हतं. यालाच पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पडलं.

हे कशामुळे होतं? आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. तो जोता समजा. त्या जोत्यावर एक विशिष्ट साखर चढली की ‘ए’, दुसरी चढली की ‘बी’. काहीच चढली नाही आणि नुसता जोता राहिला की ‘ओ’. बॉम्बे गटाच्या माणसाकडे मुळात जोताच नसतो. त्यामुळे त्याचं शरीर ‘एच’ला परकं मानतं आणि जगातल्या जवळजवळ सगळ्याच रक्ताला विरोध करतं. त्याला रक्त चालतं ते त्याच्यासारख्याच माणसाचं.

आता या लेखाची थोरवी कशात आहे? ‘बघा किती विचित्र’ एवढं म्हणून तो थांबला असता तर आज कुणाला आठवला नसता. ही माणसं नियमात बसत नाहीत, म्हणजे आपला नियम अपुरा आहे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. आणि त्या प्रश्नामुळे तुमच्या-माझ्या साध्या रक्तगटाची घडण समजायला मदत झाली. छेद त्या लेखात नव्हता, असूही शकत नव्हता. तो नंतरच्या लोकांनी शोधला. भारतात साधारण १०,००० माणसांत एक आणि युरोपात १० लाखांत एक, असे अंदाज आता सांगितले जातात. आकड्यांतला फरक बघा. लंडनच्या डॉक्टरला जे जन्मात दिसणार नाही, ते आपल्याकडच्या मोठ्या रक्तपेढीत आज ना उद्या दारात उभं राहणार. तिथे पेशींबरोबर रक्तद्रवही तपासलं नाही, क्रॉस-मॅच नीट केलं नाही, तर ‘ओ’ म्हणून दिलेली बाटली जीव घेऊ शकते. ‘दुर्मिळ आहे, कशाला बघायचं’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

दुसरा मजकूर सिडनीचा. १६ डिसेंबर १९६१, पुन्हा ‘लॅन्सेट’. विल्यम मॅकब्राइड नावाच्या प्रसूतितज्ज्ञाचं संपादकांना पत्र, अगदी काही ओळींचं. थॅलिडोमाइड हे औषध तेव्हा गरोदरपणातल्या मळमळीवर आणि झोपेसाठी दिलं जात होतं. मॅकब्राइड यांनी लिहिलं की जन्मजात व्यंगं एरवी साधारण १.५ टक्के बाळांत दिसतात. पण हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत गंभीर व्यंगांचं प्रमाण त्यांना जवळजवळ २० टक्के दिसलं. आणि शेवटी वाचकांना विचारलं, तुमच्यापैकी कुणाला असं दिसलंय का?

समीक्षक म्हणून मला हे पत्र फार शिकवतं. एवढ्याशा जागेत औषध घेतलेल्यांतलं प्रमाण आहे, तुलनेसाठी नेहमीचं प्रमाण आहे, आणि शेवटी निवाडा नाही तर प्रश्न आहे. ‘मला असं दिसतंय, तुम्ही तपासा.’ जर्मनीत विडुकिंड लेन्झ यांनी स्वतंत्रपणे हाच संबंध दाखवला होता आणि नोव्हेंबर १९६१ च्या अखेरीला तिथे औषध बाजारातून काढलंही गेलं होतं. दोन टोकांच्या दोन माणसांना एकच गोष्ट दिसली, म्हणून ती टिकली.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. याच मॅकब्राइड यांना पुढे दुसऱ्या एका औषधाच्या संशोधनात आकडे फिरवल्याबद्दल १९९३ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचं नाव काढलं गेलं. म्हणून सांगतो, लेखकाच्या कीर्तीवर मजकूर वाचू नका. १९६१ चं पत्र खरं ठरलं ते इतरांनी तपासलं म्हणून. ते ‘मॅकब्राइडनी लिहिलं’ म्हणून नव्हे.

तिसरा मजकूर मुद्दाम वेगळा घेतलाय. हा काटेकोर अर्थाने केस रिपोर्ट नाही, पण त्याच कुळातला आहे. १० जानेवारी १९८०, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’. बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं पत्र. फक्त पाच वाक्यं. हॉस्पिटलात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी बघितल्या. ११,८८२ जणांना किमान एकदा अफूवर्गातलं वेदनाशामक दिलं गेलं होतं. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चार जणांत व्यसनाची नीट नोंद सापडली. इथे अंश आहे आणि छेदही आहे. मग अडचण काय?

अडचण अशी की छेदातली माणसं कोण, हे वाचणाऱ्यांनी बघितलं नाही. ही माणसं खाटेवर होती, नर्सच्या हातून मोजून औषध घेत होती. कदाचित एकच डोस. घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणारा पाठदुखीचा रुग्ण या छेदात नाहीच. पण १९९० नंतर, विशेषतः ऑक्सिकॉन्टिन बाजारात आल्यावर, हे पत्र ‘या गोळ्यांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात हिशेब मांडला गेला. या पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांपैकी ४३९ ठिकाणी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून, आणि ४९१ ठिकाणी रुग्ण हॉस्पिटलात दाखल होते हे सांगितलेलंच नव्हतं. अमेरिकेत या गोळ्यांनी पुढे किती घरं उद्ध्वस्त केली ते आपण वाचत आलोय. त्याची कारणं अनेक आहेत. औषध कंपन्यांचा प्रचार आहे, सैल नियम आहेत. सगळं खापर पाच वाक्यांवर फोडता येणार नाही. पण त्या साखळीत हीही एक कडी होती.

मी इथे लेखकांना कमी आणि वाचकांना जास्त दोष देतो. पाच वाक्यांचं पत्र मुळातून वाचायला किती वेळ लागतो? एक मिनिट. शेकडो विद्वानांनी ते मिनिट दिलं नाही, किंवा देऊनही सोयीचं तेवढंच उचललं.

चौथा मजकूर पुन्हा आपल्याकडचा, कोकणातला. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं यायची, त्यात लहान मुलं पुष्कळ. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुफ्फुसात पाणी भरून श्वास कोंडायचा. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला फारशी जागा नव्हती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाची नोंद करत गेले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या लक्षणांवर त्यांचा लेख आला. १९८६ मध्ये, डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात कसं उपयोगी पडतं यावर.

आता ‘दुर्मिळ’ या शब्दाची खरी परीक्षा इथे होते. लाल विंचू कोकणात दुर्मिळ होता का? गवताचा भारा उचलणाऱ्या बाईला, अनवाणी चालणाऱ्या पोराला विचारा. दुर्मिळ होती ती त्या आजाराची नोंद. छेद आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसलेला होता, फक्त मोजणारं कुणी नव्हतं. दुर्मिळ हे पुष्कळदा आजाराचं विशेषण नसतं. लिहिणारा कुठे बसलाय, याचा तो पत्ता असतो.

पण बावस्करांच्या कामाचीही आरती करून चालणार नाही; समीक्षा करायची तर सगळ्यांची. प्राझोसिन येण्यापूर्वी मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के, नंतर १ टक्क्याच्या आत, असं त्यांच्या लेखांत येतं. हा ‘आधी आणि नंतर’चा हिशेब आहे. त्या काळात लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले असतील, डॉक्टरांचा हातही बसला असेल. फरक एवढा मोठा आहे की औषधाचा वाटा नाकारणं कठीण. पण तो वाटा नेमका किती, हे अशा हिशेबातून ठरत नाही.

आणि इथेच मला या माणसाचं मोठेपण दिसतं. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ‘बीएमजे’मध्ये महाडची एक चाचणी प्रसिद्ध केली. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस. दहा तासांनी प्रतिलसवाल्या गटात ३५ पैकी ३२ जण पूर्ण लक्षणमुक्त. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणजे ज्या औषधाने नाव मिळवून दिलं ते एकटं कमी पडतं, हे त्यांनी स्वतःच मोजून छापलं. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, ही त्या चाचणीची मर्यादा आहेच. तरी अंशापासून छेदापर्यंतचा हा प्रवास एकाच तालुक्यात, एकाच जोडप्याने केला.

यावर कुणी म्हणेल की मग केस रिपोर्ट हवेतच कशाला? थेट मोठ्या चाचण्याच करा. अनेक मोठ्या नियतकालिकांनी केस रिपोर्टची जागा कमी केलीही आहे. त्यांचे संदर्भ फार दिले जात नाहीत, नियतकालिकाचा भाव उतरतो. मला हे पटत नाही. कुणीतरी ‘हे काहीतरी वेगळं आहे’ असं म्हटल्याशिवाय चाचणी कशाची करायची हेच कळत नाही. साक्षीदाराची जबानी म्हणजे निकाल नव्हे, हे खरं; पण जबानीच नोंदवली नाही तर खटला उभा कसा राहणार?

मात्र जबानी पुरी हवी. २०१३ मध्ये केस रिपोर्ट कसा लिहावा याचे ‘केअर’ नावाचे निकष आले. त्यांत रुग्णाची संमती आहे, रुग्णाचं स्वतःचं म्हणणं मांडायला जागा आहे. हे फार चांगलं झालं. मी त्यात एका ओळीची भर घालीन : ‘हाच उपचार आम्ही आणखी कितींना दिला आणि त्यांचं काय झालं?’ कारण बरा झालेला दुर्मिळ रुग्ण छापून येतो, पेपरात डॉक्टरांच्या फोटोसह येतो. त्याच उपचाराने न वाचलेला रुग्ण कुठेच येत नाही. पुढचा डॉक्टर फक्त पहिल्याबद्दल वाचतो आणि तोच उपचार तुमच्या-माझ्या नातेवाइकाला देतो. न छापलेल्या छेदाची किंमत अशी खाटेवर चुकवली जाते.

तुमच्यातले बहुतेक जण डॉक्टर नाहीत. पण ‘लाखात एक आजार, अमुक उपचाराने चमत्कार’ असले मजकूर तुमच्या मोबाइलवर रोज येतात आणि घरात कुणी आजारी असलं की त्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. तो फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा : कितींपैकी? ते लोक कोण होते? आणि हे दुसऱ्या कुणी तपासलंय का? उत्तर नसेल तर मजकूर खोटाच आहे असं नाही. तो अजून अर्धा आहे, एवढंच.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.