चरित्रातून हरवलेला हायड्रोजन

राजगोपाल चिदंबरम यांचे ४ जानेवारी २०२५ रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांच्यावर आलेले बरेच लेख आम्ही वाचले; शाळांच्या फलकांवरची माहितीही पाहिली. जवळजवळ सर्वत्र सुरुवात पोखरणपासून होते. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांतील त्यांचा वाटा, मग त्यांनी भूषविलेली पदे, मग पद्मविभूषण. ‘स्फटिकशास्त्र’ हा शब्द आलाच तर कुठेतरी शेवटी, तोही एखाद्या यादीत. यातली माहिती खोटी नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्याच्या हाती असे चरित्र दिले तर त्याला त्यातून विज्ञान काही मिळत नाही. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

आधी गळालेला भाग पाहू. चिदंबरम यांचा जन्म १९३६ सालचा, मद्रासचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. करून ते १९६२ मध्ये मुंबईला तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात रुजू झाले. या केंद्राला १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात. तेथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न अगदी साधा दिसतो: स्फटिकात हायड्रोजनचा अणू नेमका कुठे असतो?

यात अवघड काय? मिठाच्या स्फटिकातील अणूंची मांडणी लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१३ मध्येच उलगडली होती. पण क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. पोटॅशियमच्या अणूत १९ इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनच्या अणूत ८ आणि हायड्रोजनच्या अणूत फक्त १. तोही बंधात गुंतल्यामुळे शेजाऱ्याकडे ओढलेला. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकायची, तशातला हा प्रकार. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रामुळे विखुरतात, त्यामुळे त्यांना हायड्रोजन चांगला ‘दिसतो’. क्ष-किरणांनी मोजलेले ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर न्यूट्रॉनांनी मोजलेल्या अंतरापेक्षा साधारण ०.१ अँगस्ट्रॉमने कमी भरते. (१ अँगस्ट्रॉम म्हणजे १ सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) फरक किरकोळ वाटेल; पण मुळात हे अंतरच जेमतेम १ अँगस्ट्रॉम आहे. म्हणजे तफावत झाली सुमारे दहा टक्क्यांची!

न्यूट्रॉनांचा भरपूर झोत मिळवायला अणुभट्टी लागते. तुर्भ्याला १९६० पासून ‘सायरस’ ही भट्टी होती. तेथील काम चिदंबरम, सिक्वेरा आणि सिक्का यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. विषय होता पोटॅशियम ऑक्झलेटचा स्फटिक. या स्फटिकाच्या रचनेत पाण्याचे रेणू सामावलेले असतात. त्या पाण्याचे हायड्रोजन कोणत्या शेजाऱ्याशी बंध साधतात आणि ऑक्सिजनवरील मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांसमोर कोण असते, हे त्यांनी तपासले. पुढे या गटाने अमिनो आम्लांच्या स्फटिकांतील हायड्रोजन बंधही अभ्यासले. बर्फ पाण्यावर तरंगतो, प्रथिनांना ठरावीक घडी पडते, डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना धरून राहतात, या साऱ्यांच्या मुळाशी हायड्रोजन बंध आहे. तेव्हा प्रश्न साधा असला तरी क्षुल्लक नव्हता.

१९६७ मध्ये राजा रामण्णांनी त्यांना प्लुटोनियमचे अवस्था-समीकरण काढायला सांगितले. दाब वाढवत नेला की पदार्थाचे आकारमान कसे घटते, हे असे समीकरण सांगते. अण्वस्त्रधारी देशांनी ते गुप्त ठेवले होते. चरित्रे येथून थेट पोखरणवर उडी मारतात. पण हे काम स्फटिकशास्त्रज्ञाकडे का यावे, हे कोणी विचारत नाही. प्लुटोनियम नेहमीच्या दाबाखाली तापवत नेले, तर वितळेपर्यंत ते सहा निरनिराळ्या स्फटिकरचना घेते. उष्णतेने किंवा दाबाने अणूंची मांडणी कशी बदलते, हा स्फटिकशास्त्राचाच प्रश्न आहे. म्हणजे हायड्रोजन शोधणारा तरुण आणि पोखरणचा शास्त्रज्ञ ही दोन माणसे नव्हेत. पुढे उच्च दाबाखालील पदार्थांवरचे संशोधन तुर्भ्याला रुजले. टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्या दाबाखालील रचनांवरचे लेखन खुल्या नियतकालिकांत आले. चिदंबरम स्वतः १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे उपाध्यक्ष होते.

आता आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा. या आयुष्यात दोन प्रकारचे विज्ञान आहे. १९६४ चा निष्कर्ष जगातील कोणताही गट तोच स्फटिक वाढवून तपासू शकतो, चुकला असल्यास तसे दाखवू शकतो. १९९८ च्या औष्णिक-आण्विक चाचणीचे तसे नाही. तिची क्षमता ४५ किलोटन असल्याचे जाहीर झाले. त्या चाचण्यांच्या कामात असलेले के. संथानम यांनी २००९ मध्ये हा आकडा बराच कमी असल्याचे म्हटले. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी मोजमापांचे दाखले देऊन ते खोडून काढले. यात बरोबर कोण, हा निवाडा आम्ही करत नाही. बाहेरच्या शास्त्रज्ञाला तो नीट करताही येत नाही, कारण सगळी माहिती खुली नाही. देशाच्या संरक्षणात गुप्तता लागते, हेही मान्य. पण मग जे कोणालाही पडताळता येते ते चरित्रातून वगळायचे आणि जे विश्वासावरच घ्यावे लागते तेवढे मुलांपुढे ठेवायचे, हे विज्ञानाचे शिक्षण कसे?

यावर शिक्षक म्हणतील, “पोखरण म्हटले की वर्ग कान टवकारतो. हायड्रोजनच्या जागेत कोणाला रस?” प्रश्न रास्त आहे. पण हा विषय शाळेच्या दारात आणून ठेवता येतो. औंधचेच उदाहरण घ्या. यमाईच्या डोंगरावर आणि तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात सहली येतात. डोंगर चढताना पायाखाली असतो काळा बेसाल्ट. दक्खनच्या या कातळातील पोकळ्यांत ठिकठिकाणी झिओलाइटचे स्फटिक सापडतात. विहिरीच्या नाहीतर दगडखाणीच्या कामात ते हाती लागले की लोक त्यांनाही गारगोट्याच म्हणतात. झिओलाइट या नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’: तापवले की त्याच्या रचनेत सामावलेले पाणी बाहेर पडते.

झिओलाइट नसेल तर मोरचूद घ्या. परीक्षानळीत थोडे मोरचूद तापवा. निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते, नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. नळी निवल्यावर पुडीवर दोन थेंब पाणी टाकले की निळाई परत येते. (मोरचूद विषारी आहे. हात धुवायला विसरू नका.) स्फटिकजल आपण एवढेच शिकवून थांबतो. थोडे पुढे जाऊन विचारा: तांब्याच्या एका अणूमागे पाण्याचे पाच रेणू आहेत, ते बसतात कुठे? चार तांब्याभोवती असतात. पाचव्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेले असते. आणि हे कळते कसे, असे एखाद्या मुलीने विचारले, की चिदंबरम यांचे नाव घ्यायची वेळ झाली.

पोखरण त्यानंतर सांगावेच. ते टाळण्याचे कारण नाही. फक्त फलकावरची पहिली ओळ बदलावी: स्फटिकातील पाण्यात हायड्रोजन कुठे असतो हे न्यूट्रॉनांच्या साहाय्याने मोजणारे भारतीय शास्त्रज्ञ. त्या ओळीवर मुले प्रश्न विचारू शकतील, आणि उत्तर शोधायला कोणाची परवानगी लागणार नाही.