गुण मिळाले, गुण आला का?

दिवाळी अंकातली समीक्षा म्हटली की ती कादंबरीची, कवितासंग्रहाची किंवा फार तर एखाद्या नाटकाची असावी, असा संकेत आहे. यंदा मी ज्या मजकुराची समीक्षा करणार आहे तो पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही. तरीही आपल्या घरांतून तो रोज सकाळी वाचला जातो, आणि बहुधा कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक विश्वासाने. हा मजकूर म्हणजे मोबाइलमधल्या आरोग्य-ॲपचा अहवाल. हुबळीत उणकल तळ्याच्या काठी किंवा धारवाडात विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरणाऱ्या मंडळींचे बोलणे कानावर घ्यावे. ‘काकू, आज किती?’ ‘बहात्तर. काल अडुसष्टच होते.’ हे रक्तदाबाचे आकडे नव्हेत, साखरेचेही नव्हेत. शंभरपैकी मिळालेले गुण आहेत. कसले गुण, कोणी दिले आणि कशाच्या आधारावर, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो.

समीक्षकाचे काम तेवढेच असते: मजकुराने केलेला दावा आणि त्यामागचा आधार यांतले अंतर मोजणे.

एक शब्द, तीन अर्थ

आपल्या दुभाषी घरांना एक सोय आहे. एका भाषेतला शब्द दुसरीच्या उजेडात धरून पाहता येतो. कन्नडात परीक्षेतल्या मार्कांना ‘अंक’ म्हणतात. मराठीत अंक म्हणजे नुसता आकडा, आणि मार्कांना आपण ‘गुण’ म्हणतो. हाच शब्द आपण सद्गुणासाठीही वापरतो. त्यामुळे कमी गुण मिळालेला माणूस मराठीत नकळत थोडा अवगुणीही ठरतो. तिसरा अर्थ औषधाचा. ‘औषधाचा गुण आला’ असे आपण म्हणतो, आणि कन्नडातही ‘गुणवागु’ म्हणजे दुखणे बरे होणे. ॲप पहिल्या अर्थाने गुण देते, आपण ते दुसऱ्या अर्थाने घेतो, आणि खरी गरज असते तिसऱ्याची. माझी तक्रार या गोंधळाविषयी आहे.

हा गोंधळ अहवालाच्या रचनेतच आहे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच ठशात छापलेल्या असतात. पहिली माप: वजन, उंची, कंबर. दुसरी अंदाज: चरबी किती टक्के, उष्मांक किती खर्च झाले. तिसरी निवाडा: ‘नॉर्मल’, ‘जास्त’, ‘उत्तम’, ‘बहात्तर’. माप चुकले तर पुन्हा घेता येते. अंदाज हा अंदाज आहे हे ठाऊक असेल तर तोही उपयोगी. पण निवाडा नेहमी कोणाशी तरी तुलना करूनच होतो, आणि ती तुलना कोणाशी केली हे अहवाल सांगत नाही.

सरासरी माणसाचे घर

साऱ्या ॲपांचा पाया म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे सूत्र कोणा वैद्याचे नव्हे. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले ‘सरासरी माणूस’ शोधत होता. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने १८३०च्या दशकात नोंदवले. त्याला समाजाचे वर्णन करायचे होते, रोग्याची तपासणी नव्हे. पुढे १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकी संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे घेऊन या सूत्राला आजचे नाव दिले. उंची-वजनाच्या इतर सोप्या सूत्रांपेक्षा हे वाईट नाही, एवढाच त्यांचा माफक दावा होता. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या, आणि त्या पाच देशांत भारत नव्हता.

सरासरीत गैर काहीच नाही. हुबळी आणि धारवाड यांची सरासरी काढली तर साधारण नवनगर येते. पण म्हणून दोन्ही शहरांतल्या प्रत्येकाचा पत्ता नवनगर, असे महानगरपालिकेने ठरवले तर टपाल कोणालाच मिळणार नाही. केतलेच्या सरासरी माणसाचा पत्ता ॲपने आपल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहिला आहे.

आणि निवाड्याच्या रेषाही दगडावर कोरलेल्या नाहीत. जून १९९८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ‘जास्त वजना’ची रेषा सत्तावीसच्या पुढून २५वर आणली, आणि कोट्यवधी अमेरिकी माणसे एका रात्रीत, तोळाभरही वजन न वाढवता, जाड ठरली.

एका इंचाचा महिमा

आता एक काकू कल्पू या. वय ४५, उंची पाच फूट तीन इंच, वजन ६२ किलो. त्यांचा बीएमआय येतो २४.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात १८.५ ते २४.९ म्हणजे नॉर्मल, म्हणून ॲपचा रंग हिरवा. पण २००४ साली त्याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३पासूनच सावध व्हावे असे सुचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने २३ ते २४.९ म्हणजे जास्त वजन आणि २५पासून स्थूलता, अशी रेषा आखली. म्हणजे त्याच काकू त्याच सकाळी एका कोष्टकात नॉर्मल आणि दुसऱ्यात जास्त वजनाच्या. ॲपमध्ये कोणते कोष्टक बसवले आहे, हे अहवालात दिसतेच असे नाही.

पुढची गंमत अशी की उंची आपण सांगतो तीच ॲप धरते. पुष्कळांची उंची कॉलेजच्या वेळची, आठवणीतली. वयाबरोबर मणके दबून उंची थोडी कमी होते. काकूंनी पुन्हा मोजली आणि पाच फूट दोन भरली, तर बीएमआय थेट २५.० होतो. भारतीय कोष्टकात त्या ‘स्थूल’ झाल्या. शरीर तेच, इंच एक.

पुण्यात दिसलेला बारीक जाडा

याहून गंभीर गोष्ट वजनकाट्याला दिसतच नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र छापून आले: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबीचे ते आपले याज्ञिक. संशोधकाने स्वतःच्याच देहाचा दाखला द्यावा, यात शास्त्र तर आहेच, पण एक सुसंस्कृत विनोदही आहे.

या विनोदामागे मोठे काम होते. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची मापे घेतली गेली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे लहान, त्यांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारा पण आतून जाडा असा हा भारतीय देह जन्मापासूनच घडत असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही निघाले. बीएमआयच्या भारतीय रेषेने स्थूल २८.६ टक्के, तर पोटाच्या घेराने स्थूल ३९.५ टक्के. म्हणजे रेषा खाली आणूनही वजनाला जे सापडत नाहीत असे पुष्कळ जण शिंप्याच्या टेपला सापडतात. जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’च्याच आयोगाने सांगितले की एखाद्या व्यक्तीची स्थूलता ठरवताना बीएमआयवर एकट्यावर विसंबू नये, कंबरेसारखे दुसरे मापही घ्यावे.

ॲपचा खरा धोका इथे आहे. ते जाड्याला घाबरवते याची मला फारशी चिंता नाही. जाडा माणूस शहाणा असतो, तो दोन दिवसांत ॲप काढून टाकतो. चिंता आहे ती आईवडील दोघेही मधुमेही असलेल्या, हातापायांनी काटकुळ्या आणि पोटाने पुढे आलेल्या तरुणाची. त्याला रोज हिरवा रंग दिसतो, आणि तो तपासणी पुढे ढकलत राहतो.

अंदाजाचे सोंग

अंदाजाच्या भागाकडे वळू. घरच्या काट्यावर अनवाणी उभे राहिले की ‘चरबी ३१.४ टक्के’ असा आकडा येतो. काटा चरबी मोजत नाही. एका पायातून दुसऱ्या पायात अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला किती अडथळा झाला, तेवढे मोजतो. अंगातल्या पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. त्यावरून आणि आपण भरलेल्या वय, उंची, लिंग यांवरून समीकरण मांडून टक्के काढले जातात. प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचा हिशेब अदमासे. पाणी प्यायल्यावर, जेवल्यावर किंवा घाम गेल्यावर आकडा हलतो. अशा आकड्याला दशांश चिन्ह लावणे म्हणजे धुक्यात इंचपट्टी धरणे होय.

उष्मांकांचेही तसेच. बऱ्याच ॲपांत १९९०चे एक अमेरिकी सूत्र वापरतात. ते सुमारे पाचशे माणसांच्या मापनावरून काढलेले आहे. आपल्या काकूंना ते स्वस्थ पडून राहण्यासाठी दिवसाला १२३४ उष्मांक देते. मग ॲप विचारते, ‘तुम्ही किती सक्रिय आहात?’ ‘बैठे काम’ निवडले तर त्याला १.२ने गुणतात, ‘मध्यम’ निवडले तर १.५५ने. उत्तर १४८१ किंवा १९१३. घरकाम करणाऱ्या बाईने स्वतःला बैठी म्हणावे की मध्यम? त्या एका संकोचाची किंमत ४३२ उष्मांक, म्हणजे जवळजवळ एक जेवण. शेंगांच्या पोळीचा घास मोजून खाणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे.

दहा हजार पावलांची कथा आता पुष्कळांना माहीत आहे. १९६५ साली एका जपानी कंपनीने ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे, असे यंत्र विकायला काढले. आकडा तिथून रुळला, प्रयोगशाळेतून नव्हे. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात रोजच्या सुमारे साडेचार हजार पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले, आणि साडेसात हजारांनंतर लाभ फारसा वाढला नाही. पण ॲपमध्ये साडेसात हजारांचे वर्तुळ अपुरेच राहते, आणि आजी उगाच हिरमुसते.

चांगले गुणपत्रक कसे असते

मग गुण देऊच नयेत काय? तसे नाही. चांगल्या गुणपत्रकाचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २००५ साली चेन्नईत डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या पाहणीवरून मधुमेहाच्या जोखमीचे एक गुणपत्रक तयार केले. यंत्र नको, रक्त नको. चार प्रश्न आणि एक टेप. वय ३५च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ असेल तर २०, पुढे ३०. कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, त्यावर दहा सेंटिमीटरपर्यंत १०, त्याहून जास्त असेल तर २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असेल तर शून्य, एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज शंभरपर्यंत जाते. इथे गुण कमी असलेले चांगले. साठ किंवा अधिक झाले तर जोखीम मोठी, रक्त तपासून घ्यावे.

आपल्या काकूंना यात बसवून पाहू. वयाचे २०. कंबर ८६ धरू, त्याचे १०. रोज फिरायला जातात पण काम बैठे, त्याचे २०. वडिलांना मधुमेह होता, त्याचे १०. एकूण साठ. जागतिक कोष्टकात हिरव्या रंगात हसणाऱ्या काकूंना हा कागद सांगतो की प्रयोगशाळेत जाऊन या. मधुमेह आहे असा तो निकाल देत नाही. फक्त दार दाखवतो.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की फरक कळतो. चेन्नईच्या गुणपत्रकात प्रत्येक गुणाचा हिशेब उघडा आहे, आणि तुलना कोणाशी केली तेही स्पष्ट आहे. बहात्तर देणाऱ्या ॲपमध्ये झोपेचे किती, पावलांचे किती, वजनाचे किती आणि का, हे बहुधा कळत नाही. तास, पावले आणि किलो यांची बेरीज करणे म्हणजे शेर, गज आणि रुपये एका रकान्यात मांडणे. आमच्या बाजारातला कोणताही मुनीम ती वही फेकून देईल.

ॲपचे श्रेय नाकारू नये. स्वतःचेच वजन महिनोन्‌महिने एका काट्यावर नोंदवत राहिले तर त्याचा कल कळतो, आणि तो कल खरा असतो, कारण तिथे तुलना आपली आपल्याशी होते. चार बायका पावलांच्या निमित्ताने घराबाहेर पडत असतील तर आकडा खोटा असला तरी चालणे खरे आहे. पण अहवाल वाचताना तीन प्रश्न सोडू नयेत: यात मोजले काय, अंदाजले काय, आणि ताडले कोणाशी?

फराळाची भांडी उतरली की घरातला टेप काढावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. बाईला ८० म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, पुरुषाला ९० म्हणजे सुमारे साडेपस्तीस. मग ते चार प्रश्न घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारावेत, बारीक दिसणाऱ्याला आधी. एक गुणपत्रक आपल्याला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून निरोप घेते. दुसरे उद्या सकाळी पुन्हा बोलावते, परवा पुन्हा. कोणाचा गुण येईल, हे वाचकांनीच ठरवावे.