सिनेमाची उसनवारी पुरे

२०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३’वर जगभरातून कौतुकाचा वर्षाव झाला आणि त्या कौतुकात एकच पावती पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली : गेम खेळतोय असे वाटतच नाही, सिनेमा पाहतोय असे वाटते. एखादे कीर्तन रंगले आणि कुणी बुवांना म्हणाले, ‘अगदी नाटक पाहिल्यासारखे वाटले’, तर बुवांनी ते कौतुक समजावे का? व्हिडिओ गेमला मात्र गेली वीस वर्षे हीच शाबासकी मिळते आहे, आणि गेम बनवणारे ती आनंदाने खिशात घालत आहेत.

त्या फ्रेंच गेमची कल्पना विलक्षण आहे. दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या शिळेवर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे पाकळ्या होऊन विरून जातात. पुढच्या वर्षी आकडा एकाने कमी. आयुष्याचे एकच वर्ष उरलेले लोक तिला थांबवायला निघतात. संगीत सुरेख आहे, शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवण्यातली मजाही खरी आहे. पण ज्यांच्याकडे एकच वर्ष आहे त्यांना या गेममध्ये एकदाही घाई करावी लागत नाही. वाट सोडून कितीही भटका, शिळेवरचा आकडा तुमच्यासाठी थांबून राहतो. लढाईत साथीदार कोसळला तर औषध द्या, तो उठून उभा राहतो. गोष्ट सांगते की मृत्यू अटळ आहे आणि काळ थोडा आहे. नियम सांगतात की मृत्यूवर औषध आहे आणि वेळ हवा तेवढा घ्या. समीक्षकांनी गोष्टीवर विश्वास ठेवला. माझा विश्वास नियमांवर आहे, कारण तीस-चाळीस तास खेळणाऱ्याच्या हाताशी असतात ते नियमच.

‘द लास्ट ऑफ अस’ घ्या. २०१३ चा हा गेम २०२३ मध्ये एचबीओने मालिका करून दाखवला, आणि तो जवळजवळ जसाच्या तसा उतरला म्हणून गेमवाल्यांची छाती फुगली. मला ती चिंतेची गोष्ट वाटते. मालिकेचा सर्वांत गाजलेला भाग तिसरा, बिल आणि फ्रँकचा. तो गेममध्ये नाहीच. तिथे आपण पोहोचतो तोवर फ्रँक मेलेला असतो. म्हणजे टीव्हीने जिथे गेमचा हात सोडला तिथेच तो उंच गेला. उलट, गेमचा सर्वांत मोठा क्षण शेवटी इस्पितळात आहे. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर हातात चाकू घेऊन उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. आपण थबकतो, दुसरी वाट शोधतो. वाट नसते. बटण आपल्याच बोटाने दाबावे लागते. मालिकेत हा प्रसंग फक्त पाहायचा असतो, आणि पाहणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. एवढ्या एका मिनिटासाठी मी त्या गेमचे बाकीचे दोष पोटात घालायला तयार आहे.

ओपन वर्ल्ड नावाच्या प्रकाराची दशा याहून वाईट. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये जग एवढे मोकळे की घोडा कुठेही न्या, पण मिशन सुरू झाले आणि आखलेल्या वाटेवरून जरा हललात की मिशन फसले म्हणून जाहीर होते. युबीसॉफ्टच्या नकाशांवरची चिन्हे पुसत बसणे हे कारकुनी काम आहे, त्यावर शब्द खर्च करायचे नाहीत. या प्रकाराला २०१७ मध्ये ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने वाट दाखवली होती. वादळात अंगावर लोखंड असेल तर वीज पडते, हा तिथला नियम. तो कळला की आपण तलवार अंगावरून उतरवतो आणि मग सुचते, ही तलवार शत्रूच्या पायाशी फेकली तर? कुणी शिकवलेले नसते. तो शोध आपला असतो. नऊ वर्षांत किती जणांनी हा धडा गिरवला? नकाशाचा आकार मात्र सर्वांनी वाढवला.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. हॉरर अंधार आणि अचानक येणाऱ्या आवाजापलीकडे क्वचितच जातो. बॅटल रॉयल हा एकच गेम आहे, त्याला वेगवेगळे कपडे चढवलेले आहेत. फायटिंग गेम प्रामाणिक आहेत; तिथे सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब चालतो आणि गोष्टीचे ढोंग फारसे नसते. खेळांच्या गेममध्ये फुटबॉलला दरवर्षी नवी जर्सी मिळते, आणि आपली पोरे अजून २००६ च्या ‘ईए क्रिकेट ०७’वर नव्या संघांचे पॅच चढवून खेळतात, यात सगळे आले. स्ट्रॅटेजीवाल्यांशी माझे भांडण थोडे वेगळे आहे, कारण तिथे नियम बोलतात. पण सगळे एकच बोलतात : पसरा आणि गिळा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये १४४४ पासून दख्खन खेळता येते, मराठा राज्यही उभे करता येते, आणि ते उभे राहिल्याचा आनंद मराठी माणसाला होणारच. पण थोड्या वेळाने कळते की स्पेन चालवणे आणि मराठा राज्य चालवणे यांत फरक आहे तो टक्केवारीच्या बोनसांचा. तेच प्रशासकीय गुण, तेच लष्करी गुण. इतिहास वरच्या रंगात आहे, आतले यंत्र सर्वांचे सारखे.

आता मला ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे त्या गेमकडे येतो.

‘पेपर्स, प्लीज’ २०१३ मध्ये लुकास पोप या एकाच माणसाने बनवला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर, १९८२ च्या नोव्हेंबरात, आपण पासपोर्ट तपासणारे अधिकारी असतो. टेबल, नियमपुस्तक, हिरवा शिक्का, लाल शिक्का. एका माणसाचे काम उरकले की पाच क्रेडिट. संध्याकाळी घरभाडे, जेवण, शेगडी आणि औषध यांची यादी समोर येते आणि पैसे पुरत नाहीत. रोज सकाळी एखादा नवा नियम, एखादा नवा कागद. एके दिवशी एक माणूस येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात. जाताना तो सांगतो, मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

इथे सिनेमा असता तर संगीत सुरू झाले असते. पोप संगीत सुरू करत नाही. त्याने एक नियम करून ठेवला आहे : दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. म्हणजे आज सकाळी घाईत एखादी तारीख पाहायची राहिली असेल तर त्या बाईवर दया करणे परवडते की नाही, हे त्या तारखेवर ठरते. काही दिवसांनी आपण त्या दोन माफ चुका जपून ठेवू लागतो. कुणासाठी खर्च करायच्या? रडणाऱ्या म्हातारीसाठी, की स्वतःच्या निष्काळजीपणासाठी राखून ठेवायच्या? माणुसकीचा रोजचा कोटा ठरवणारी नोकरशाही आतून कशी चालते, तिथला साधा माणूस दगड कसा होत जातो, हे मला कुठल्याही कादंबरीने एवढे अंगावर आणून दाखवले नव्हते. कादंबरी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगते. इथे लाल शिक्का मीच मारला होता.

पोपचाच ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) याच जातीचा. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज, साठ माणसे, आणि प्रत्येकाचे काय झाले ते वहीत भरायचे. तीन नोंदी अचूक झाल्या की वही त्या पक्क्या करते. म्हणून अंदाजपंचे चालत नाही. झोळीवरचा क्रमांक, बोलण्याची ढब, कोण कुणाशेजारी उभा आहे, हे पाहत राहावे लागते. ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) मध्ये बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. जवळ ना नवे शस्त्र साठते ना ताकद. साठते ते फक्त आपल्याला कळलेले. गेम संपला की तो पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही, कारण बदललेलो आपण असतो. आणि ‘वेण्बा’ (२०२३), टोरांटोत बनलेला, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा छोटासा गेम. आईने दिलेली पाककृतींची वही फाटकी, अक्षरे पुसलेली. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या ते तिच्यात धड वाचता येत नाही. वाफ सगळ्या ताटल्यांपर्यंत कशी पोहोचेल, हे डोके चालवून काढावे लागते. पुढे मुलगा स्वयंपाकाला उभा राहतो तेव्हा त्याला तमिळ नीट वाचता येत नाही, म्हणून आपल्यालाही कृती अर्धवटच दिसते. तुटलेली नाळ इथे शब्दांत सांगितलेली नाही, ती अडचण म्हणून समोर ठेवली आहे. गेम फार लवकर संपतो आणि चुकल्याची किंमत जवळजवळ मोजावी लागत नाही, हे त्याचे दोष मला दिसतात. तरी मोठ्या बजेटच्या दहा गेमपेक्षा तो मला मोलाचा वाटतो.

नियमांकडे न पाहण्याची किंमत फक्त समीक्षेतच मोजावी लागत नाही. २०२४ मध्ये एका कॅनडियन निर्मात्याने एकट्याने केलेला ‘बलात्रो’ आला. पोकरचे हात जुळवायचे, गुण वाढवायचे. खरा पैसा कुठेच लावायचा नाही. युरोपातल्या मानांकन संस्थेने त्याला अठरा वर्षांवरचा ठरवला, का तर जुगाराची दृश्ये ठळक दिसतात. त्याच वेळी खऱ्या पैशाने बंद पाकिटे विकत घ्यायला लावणारे फुटबॉलचे गेम तीन वर्षांच्या मुलांना योग्य म्हणून विकले जात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बलात्रो’चे वय बारावर आणले, पण पाकिटे जागेवरच राहिली. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये सर्वोच्च श्रेणीचे काही मिळेलच अशी हमी नव्वदाव्या सोडतीला आहे. चित्रे डोळ्यांचे पारणे फेडतात, आणि त्या चित्रांमागचा नियम मुलांच्या अधीरपणावर बेतलेला आहे. परीक्षणे चित्रांवर येतात. हा निव्वळ आळस आहे आणि मी त्याला दुसरे नाव देणार नाही.

आपल्याकडेही तेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला होता. वाडे, महाल, भित्तिचित्रे, त्रिशूळ घेतलेली मुलगी : डोळे निवले. पण त्रिशुळाच्या जागी कुऱ्हाड दिली तर एकही नियम बदलावा लागत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला, तोही परक्या बॅटल रॉयलच्या सांगाड्यावर. भारतीयपण आपण भिंतींवर रंगवतो आणि भिंतीआडचे यंत्र आयात करतो.

पूर्वी आपल्याकडे असे नव्हते. मोक्षपटाची परंपरा आपण ज्ञानेश्वरांशी जोडतो. त्या पटावर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत आणि शिड्यांपेक्षा साप जास्त असत. वर जाणे दुर्मीळ आणि घसरणे पदोपदी, हे सांगायला कीर्तनाची गरज नव्हती. पटाचा नियमच ते सांगत होता. तो इंग्लंडात जाऊन मुलांची करमणूक झाला आणि साप-शिड्यांचे प्रमाण सारखे होत गेले. नियम बदलला तसा अर्थही गेला.

मग आज मराठी मातीतला नियम कुठून आणायचा, असे तरुण निर्माते विचारतात. बीडला जा. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. जितके टन तोडाल तितकी उचल फिटते. आजारपणात दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसली की पुढच्या वर्षी त्याच फडात. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतली, हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. या व्यवस्थेचा प्रत्येक नियम लोकांना तोंडपाठ आहे. तो प्रोग्रॅममध्ये उतरवायला महागडी चित्रे लागत नाहीत, नटांचे चेहरे लागत नाहीत.

असे गेम विकले जात नाहीत, हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळते. २०२३ पर्यंत ‘पेपर्स, प्लीज’च्या ५० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. नसलेल्या देशाच्या सीमेवर शिक्के मारायला इतक्या लोकांनी पैसे मोजले असतील, तर असलेल्या बीडच्या फडात कोयता हातात घ्यायला कुणी येणार नाही, हे आपले निर्माते कशाच्या आधारावर ठरवतात, ते त्यांनी एकदा सांगावे.