एक गुणाकार, एक तिरकी रेघ

रॉजर टोरी पीटरसनचं 'अ फील्ड गाईड टू द बर्ड्स' 1934 साली आलं आणि पक्षी ओळखण्याची एक पद्धतच पडून गेली: साधं चित्र आणि नेमक्या खुणेकडे जाणारी बारीक रेघ. पक्षी न मारता, लांबून ओळखता येतो हे सामान्य माणसाला पटवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे ती रेघ मला लगेच कळते. ती 'इफ' आहे. खूण दिसली? मग हे नाव.

माझं भांडण त्या 'मग'शी आहे.

उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या गीजचा थवा घ्या. (गूज म्हणजे हिवाळ्यात उजनीवर येणाऱ्या पट्टकादंबाच्या कुळातला पक्षी.) स्नो गूज मोठा, चोच लांब आणि चोचीच्या कडेला काळी फट, त्यामुळे कायम कुत्सित हसल्यासारखा चेहरा. रॉस गूज लहान, चोच आखूड, बुडाशी निळसर करडी. ते हसू जवळपास नाहीच. चोच आणि पिसं मिळतात ती सीमा स्नोमध्ये वळणदार, रॉसमध्ये बरीचशी सरळ. पुस्तकात दोघं शेजारी छापले की प्रश्न मिटतो.

थव्यात मिटत नाही. कॅनडात नुनावुतमधल्या कॅरॅक लेकवर दोघांची घरटी एकाच वसाहतीत असतात. कधी त्यांच्यात जोड्या जमतात आणि त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होऊ शकतात. मग मधल्या आकाराचा, अर्धवट हसणारा पक्षी दिसतो. तो पुन्हा रॉसशी जुळला तर पुढची पिढी रॉसच्या आणखी जवळ जाते. नुसत्या लहान आकारावर जावं, तर स्नोची मादीही नरापेक्षा लहान असते. इथे एका रेघेनं भागत नाही. चोच, सीमा, डोक्याची ठेवण, शेजारच्या पक्ष्याच्या तुलनेत अंगलट, सगळं एकत्र वाचावं लागतं.

ई-बर्डच्या यादीत यासाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत: 'स्नो × रॉस' आणि 'स्नो/रॉस'. त्या अख्ख्या यादीतलं मला सर्वांत आवडलेलं लेखन हेच. गुणाकाराचं चिन्ह पक्ष्याबद्दल बोलतं: हा दोघांचा आहे. तिरकी रेघ बघणाऱ्याबद्दल बोलते: दोघांपैकी कोण, हे मला ठरवता आलं नाही. पक्षी लांब होता, उजेड वाईट होता, चोच दिसली नाही. आपली अडचण पक्ष्याच्या रक्तात ढकलायची नाही, एवढी साधी सभ्यता त्या रेघेत आहे. पीटरसनच्या रेघेत ती सोय नाही.

आणि याद्याही बदलतात. पीटरसनचं पुस्तक आलं तेव्हा ब्लू गूज ही वेगळी प्रजाती मानली जायची. म्हणजे निळ्या-पांढऱ्या जोडीचं पिल्लू तेव्हा संकरित ठरायचं. मॅनिटोबातल्या ला पेरूज बे इथे फ्रेड कुक यांनी 1968 पासून वर्षानुवर्षं या पक्ष्यांचा अभ्यास केला. रंगाचा फरक मुख्यतः एका जनुकाचा आहे, आणि पिल्लं मोठी झाल्यावर बहुधा आईबापाच्या रंगाचा जोडीदार निवडतात, हे त्यातून दिसलं. आज निळा आणि पांढरा एकच स्नो गूज. पक्षी तोच राहिला, पान बदललं.

मराठीत हे वाचताना 'संकर' हा शब्द टोचतो. तो 'वर्णसंकरा'चं ओझं घेऊन येतो. 'हायब्रीड' म्हणावं, तर ज्वारीपासून नव्या पिढीपर्यंत 'पूर्वीसारखा कस नाही' असं हिणवायला आपण तोच वापरतो. पक्ष्यांवर लिहिताना हे दोन्ही शब्द आपण सहज उचलतो आणि शुद्ध म्हणजे खरं, मधलं म्हणजे बिघडलेलं, हा हिशेब नकळत पुढे चालवतो. थव्यातला तो मधला पक्षी मात्र चरतो, उडतो, जोडीदार शोधतो. त्याच्यात काही बिघडलेलं नाही.

म्हणून फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपकडून माझी एक मागणी आहे. पहिलं नाव ठळक अक्षरात फेकण्याआधी त्यानं विचारावं: चोच नीट दिसली का? 'नाही' म्हटलं, तर तिरकी रेघ सुचवावी. गुणाकार त्यानंतर.