नोंदवहीत नसलेलं मूल

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, 'सर, लसीकरणाचा सरकारी आकडा खरा की सर्वेक्षणाचा?' माझं उत्तर आधीच सांगतो. टक्केवारीसाठी मी सर्वेक्षणावर जास्त भरवसा ठेवतो, पण तोही एका मर्यादेपर्यंत.

सरकारी टक्केवारी म्हणजे भागाकार. वर टोचलेली मुलं, खाली त्या भागात असायला हवीत तेवढी मुलं. वरची संख्या नर्सबाई वहीत लिहितात. खालची अंदाजाने काढतात, आणि त्या अंदाजाचं मूळ 2011च्या जनगणनेत, कारण 2021ची वेळेवर झालीच नाही. आता आपलं शहाड घ्या. माझी मुलगी बाळंतपणाला इथे माहेरी आली. नातीची पहिली लस इथे, पुढच्या पुण्यात. दोन्हीकडच्या वह्यांत ती आहे. खालच्या अंदाजात कुठे धरली होती, कोण जाणे! अशानेच कधीकधी टक्केवारी शंभराच्या वर जाते, आणि कुणाला हसूही येत नाही.

सर्वेक्षणाची रीत उलटी. घर निवडायचं, दार वाजवायचं, लसीचं कार्ड बघायचं. कार्ड नसेल तर आईला विचारायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 साली, महाराष्ट्रातल्या 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी 73.5 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं निघालं. चौथ्या फेरीत हे प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास होतं. आईची आठवण चुकते, हा आक्षेप खराच. डोस दोन झाले की तीन, मलाही आठवलं नसतं. तरी इथे केंद्रावर न आलेलं मूलही मोजलं जातं.

कुमारिल भट्टांची मीमांसा 'अनुपलब्धि' हे वेगळं प्रमाण मानते. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तो नाही हे कळतं. पण अट अशी, की असता तर दिसला असता. वहीच्या बाबतीत ही अट पुरी होत नाही. वहीत नाव नसलेल्या मुलाने लस घेतलीच नाही, की दुसऱ्या गावी घेतली? वही गप्प. दार वाजवणाऱ्याला निदान विचारता येतं.

मात्र सर्वेक्षण निवडक घरांचं. शंभरात किती, हे ते सांगतं. कोणत्या गल्लीत, हे नाही. 2022च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. हे सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला, गोवंडी स्टेशन रोडवरच आहे. संस्थेला मी दोष देत नाही. राज्याची सरासरी काढणाऱ्याच्या हातात गल्लीचा नकाशा नसतो. लस राहिलेली मुलं हुडकायला शेवटी महापालिकेच्या माणसांना घरोघर जावं लागलं.