दयेनंतरची चाळीस वर्षं : ‘अमेझिंग ग्रेस’ पुन्हा वाचताना

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक गीत निवडलं आहे, ‘अमेझिंग ग्रेस’. आपण ख्रिस्ती असा वा नसा, त्याची चाल कधी ना कधी कानावर पडलेली असणार. एखाद्या सिनेमात, कुणाच्या अंत्यविधीच्या बातमीत, नाहीतर जवळच्या चर्चमधून. मूळ गीत सहा कडव्यांचं, शब्द साधे. देवाच्या दयेने माणसाला नवी सुरुवात मिळते, ही ख्रिस्ती श्रद्धेतली मध्यवर्ती गोष्ट चर्चच्या भिंतींबाहेर नेणारी जी थोडी गीतं आहेत, त्यांत हे फार वरचं. आज आपण ते थोडं अडचणीचे प्रश्न विचारत वाचणार आहोत.

आधी एका मराठी शब्दाबद्दल. आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजात ‘साक्ष देणं’ असा प्रघात आहे. उपासनेत कुणीतरी उभं राहतं आणि सांगतं, मी असा होतो, प्रभूने मला असं उचललं, आज मी असा आहे. दारू सुटलेली असते, मोडायला आलेलं घर सावरलेलं असतं. ऐकणारे डोळे पुसतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण ‘साक्ष’ याच शब्दाचा दुसरा अर्थ आपण सगळे जाणतो : कोर्टातली साक्ष. तिथे तुम्ही कसे सावरलात हे कुणी विचारत नाही. काय घडलं, कुणी केलं, कुणाच्या बाबतीत केलं, तुम्ही तिथे होता का, एवढंच विचारतात. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या गीताचा कर्ता जॉन न्यूटन याने पहिल्या प्रकारची साक्ष पुष्कळ लवकर दिली. दुसऱ्या प्रकारची द्यायला त्याला चाळीस वर्षं लागली. आणि ‘अमेझिंग ग्रेस’ हे पहिल्या साक्षीचं गीत आहे.

न्यूटनची कथा बहुतेक वेळा अशी सांगितली जाते : गुलामांचा व्यापार करणारा दुष्ट कप्तान, समुद्रात वादळ, गुडघे टेकले, देवाला शरण गेला, व्यापार सोडला, गीत लिहिलं. ऐकायला छान आहे. पण क्रम चुकीचा आहे, बरं का. आणि या चुकीतच आपला विषय दडला आहे.

खरा क्रम बघा. मार्च १७४८. न्यूटन बावीस वर्षांचा, ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजावर, आफ्रिकेहून परतीच्या वाटेवर. रात्री वादळात जहाज फुटलं. तो वर डेकवर निघाला असताना कप्तानाने त्याला सुरी आणायला परत खाली पाठवलं. त्याच्या जागी जो वर गेला तो लाटेबरोबर वाहून गेला. पुढे पाणी उपसताना न्यूटनच्या तोंडून सहज देवाच्या दयेचा उच्चार झाला आणि तो स्वतःच चपापला. माझ्यासारख्याला कसली दया? त्याचं नवं आयुष्य इथून सुरू झालं असं तो आयुष्यभर मानत आला, आणि दर वर्षी ती तारीख पाळत आला. जहाज कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं.

आणि पुढे? त्याच वर्षी तो ‘ब्राउनलो’ या गुलामांच्या जहाजावर कप्तानाखालचा अधिकारी म्हणून गेला. मग १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून आणखी तीन फेऱ्या. म्हणजे वादळानंतर, दयेच्या अनुभवानंतर, चार. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घ्यायचा. खाली तळात माणसं साखळीत असायची. डिसेंबर १७५२ मध्ये कैद्यांच्या उठावाचा बेत त्याला कळला, तेव्हा त्याने काही मुलांना बेड्या घातल्या आणि कबुलीसाठी त्यांची बोटं चापात धरली. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, आणि बेत वेळेवर उघडकीला आला म्हणून तिथे तो देवाचे आभार मानतो. आम्हाला न्यूटनच्या सगळ्या लेखनात याहून अस्वस्थ करणारं काही आढळलं नाही. कृपेची भाषा तीच, पण तिचा उपयोग कशासाठी चालला आहे!

१७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो पश्चात्तापाने नव्हे. निघायच्या दोन दिवस आधी त्याला अचानक झटका आला आणि प्रकृतीमुळे जाता आलं नाही. १७६४ मध्ये तो ऑल्नी या गावी पाळक झाला. त्याच वर्षी त्याचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. त्यात तो सांगतो की त्या धंद्यात आपल्याला तुरुंगाधिकाऱ्यासारखं वाटे आणि अधिक माणुसकीचं काम मिळावं म्हणून आपण प्रार्थना करत असू. मात्र हा धंदाच अन्यायाचा आहे, अशी टोचणी त्या काळी लागली नव्हती हेही तो मान्य करतो.

आता गीताकडे या. १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी ते लिहिलं गेलं. त्या दिवशीचं वचन होतं पहिले इतिहास, अध्याय १७. दावीद राजा देवापुढे बसून म्हणतो की मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणावंस. नव्या वर्षाचा पहिला दिवस, मागे वळून पाहण्याचा. १७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात गीत छापलं गेलं तेव्हा त्याच्या मथळ्याचा आशयही हाच होता : श्रद्धेने मागे पाहणं आणि पुढची आशा धरणं.

मग मागे पाहताना दिसतं काय? गीतातला ‘मी’ स्वतःला अगदी हीन शब्दाने संबोधतो. मराठीत ‘पापी’ म्हणा, ‘अभागी’ म्हणा. तो हरवला होता, सापडला. आंधळा होता, आता दिसतं. दोन्ही प्रतिमा शुभवर्तमानातून आलेल्या. पण व्याकरणाकडे लक्ष द्या. गीतभर जे काही करायचं ते कृपा करते. ती वाचवते, शिकवते, घरी नेते. ‘मी’ने करायचं म्हणजे विश्वास ठेवायचा, पाहायचं, वाट चालायची. ख्रिस्ती धर्मविचाराच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. कृपा फुकट असते, कमावता येत नाही. पण त्याचा एक परिणाम असा होतो की या ‘मी’ने पूर्वी कुणाला काही केलं होतं, हेच गीतातून नाहीसं होतं. संकटांचा उल्लेख आहे, पण ती त्याच्यावर आलेली संकटं. त्याने दुसऱ्यांवर आणलेल्या संकटांना तिथे जागा नाही.

आपल्याला ओळखीची गोष्ट घ्या. वाल्या कोळी एक खून केला की रांजणात एक खडा टाकायचा. असे सात रांजण भरले. पुढे वाल्याचा वाल्मीकी झाला, आणि मग त्या रांजणांचं काय झालं हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. न्यूटनच्या गीतातही रांजण नाहीत. ते त्याच्या जहाजांच्या नोंदवह्यांत राहिले.

यावर दोन आक्षेप येतील, ते रास्त आहेत. पहिला असा की वादळात झालेला बदल ही केवळ सुरुवात होती. न्यूटनही म्हणतो की पूर्ण अर्थाने आपण विश्वासू झालो ते त्यानंतर बऱ्याच काळाने. मान्य. पण पाळक झाल्यावरही चोवीस वर्षं त्याने या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे काही छापलं नाही, त्याचं उत्तर यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप नेहमीचा : त्या काळी सगळेच तसे होते. सगळे नव्हते. क्वेकर पंथाचे लोक कितीतरी आधीपासून बोलत होते. १७७२ मध्ये, गीताच्या सहाच महिने आधी, इंग्लंडमध्ये सॉमरसेट खटल्याचा गाजलेला निकाल लागला. १७७४ मध्ये न्यूटनच्या ओळखीतल्याच जॉन वेस्लीने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली.

आणि सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे विल्यम कूपर. हा कवी ऑल्नीलाच राहत होता. संग्रहातली बरीच गीतं त्याची. ‘अमेझिंग ग्रेस’ प्रथम सादर झालं त्याच जानेवारीत कूपरला नैराश्याचा भीषण झटका आला, आणि देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे ही समजूत त्याच्या मनातून पुढे कधी पुरती गेली नाही. न्यूटनने त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरात ठेवून सांभाळलं, हे त्याच्या मोठेपणात धरलंच पाहिजे. पण पुढचं बघा. या कूपरने १७८२ मध्ये ‘चॅरिटी’ आणि १७८५ मध्ये ‘द टास्क’ या काव्यांतून गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. न्यूटनच्या आधी! ज्याला आपल्यावर दया झाली नाही असं वाटत होतं, त्याला साखळीतली माणसं दिसली. आणि आपल्याला आता दिसू लागलं असं गाणारा अजून गप्प होता. दयेचा अनुभव माणसाला आपोआप इतरांचं दुःख दाखवतो, असं आपण धरून चालतो. हे दोन मित्र शेजारी ठेवले की तसं म्हणवत नाही.

मग गीत टाकून द्यायचं का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि याचं कारण १७८८ साल आहे. त्या वर्षी, बासष्ट वर्षांच्या न्यूटनने आफ्रिकन गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गद्य कोरडं आहे. माणसं दोन-दोन करून हातापायांनी कशी जखडली जात, किती कमी जागेत ओळीने निजवली जात, कूस बदलणंसुद्धा कसं अवघड होई, स्त्रियांचं काय होई, हे तो एकामागून एक सांगतो. आरंभीच म्हणतो की या धंद्यात आपण स्वतः हात घातलेला होता, ही कबुली फार उशिरा येते आहे आणि ती आपल्याला खाली मान घालायला लावणारी आहे. १७९० मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने अधिकृत साक्ष दिली. आता ‘मी’ कर्ता झाला होता. मी केलं, मी पाहिलं, मी तिथे होतो.

आम्ही असं सुचवतो की ही पुस्तिका म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’चं राहून गेलेलं कडवं आहे. आणि ते लिहिण्याचं बळही त्याच दयेतून आलं असावं. आपण पूर्णपणे टाकले गेलेलो नाही, ही खात्री असलेलाच माणूस असली कबुली स्वतःच्या नावाने छापू शकतो. ज्याला शिक्षेची भीती आहे तो सबबी शोधतो. दयेचा हा उपयोग गीतात दिसत नाही, पुस्तिकेत दिसतो.

लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. तो जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू आधी त्याच्या घरी जातो. कुठलीही अट घालत नाही. पण तिथे जक्कय उभा राहतो आणि आकडे बोलतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. दया आधी, हिशेब नंतर, आणि दोन्ही एकाच भेटीत. न्यूटनच्या बाबतीत या दोहोंमध्ये चाळीस वर्षांचं अंतर पडलं. आणि तोवर ज्यांना परत करायचं ते मेले होते, किंवा समुद्रापार कुठल्या मळ्यावर होते, त्यांची नावंही त्याच्याकडे नव्हती. देवाने क्षमा केली हे न्यूटन म्हणू शकत होता. ज्यांची बोटं चापात धरली होती त्यांनी क्षमा केली की नाही, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दात ‘नंतरचा ताप’ आहे. दया मिळाल्यावरही हा ताप उरतो, आणि आमच्या मते तो उरायलाच हवा.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८०७ च्या मार्चमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यूटन वारला. बंदी झालेली त्याने पाहिली. थडग्यावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात तो सांगतो की आपण एके काळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, आणि ख्रिस्ताच्या दयेने वाचलो. तरुणपणी पश्चिम आफ्रिकेत एका व्यापाऱ्याकडे त्याचे खरोखर गुलामासारखे हाल झाले होते, तेव्हा हे खरंच आहे. पण गुलाम विकत घेणारा, नेणारा, विकणारा कप्तान त्या दगडावर नाही. पुस्तिका लिहून झाल्यावरसुद्धा शेवटचे शब्द निवडताना माणूस पुन्हा पहिल्या साक्षीकडे वळला.

म्हणून आमची विनंती एवढीच. हे गीत गा. ज्यांना नवी सुरुवात हवी आहे त्यांना ते धीर देतं, आणि त्यांचा तो हक्क कुणी काढून घेऊ नये. पण यापुढे उपासनेत किंवा बाहेर कुठेही ‘मी बदललो’ अशी साक्ष कुणी दिली, किंवा आपणच दिली, तर डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न मनात असू द्या : ज्यांचं नुकसान झालं, ती माणसं या साक्षीत कुठे आहेत?

इथे थांबतो. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.